फोर-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक : आधी बिघाड शोधा, मग सेटिंगला हात लावा

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा आमचा ट्रॅक पडीक वावराच्या कडेला, धुऱ्याला लागून आहे. हिंगणघाटकडच्या काळ्या मातीवर मुरूम टाकला, टँकरने पाणी मारलं, रोलर फिरवला आणि मातीच्या चार उड्या रचल्या, एवढाच. एप्रिलमधल्या एका सकाळी पुतण्या गाडी घेऊन आला आणि म्हणाला, “काका, सरळ पट्ट्यावर गाडी डावीकडेच ओढते. रिमोटवरची स्टिअरिंगची ट्रिम किती फिरवली तरी काई फरक नाई.” उभ्या असलेल्यांपैकी एकाने टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन, बदलायला सांगितला, दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगा, तिसऱ्याने टायर. गाडी उचलून मी पुढची दोन्ही चाकं हाताने फिरवली. उजवं मोकळं फिरलं. डावं अर्ध्या फेऱ्यात करकरत थांबलं. बेअरिंगमध्ये काळी धूळ बसून त्याचं पीठ झालं होतं. बेअरिंग बदललं, ट्रिम मधोमध आणली, गाडी सरळ पळाली.

त्या तिघांचं ऐकून सगळं बदललं असतं तर बेअरिंगचा बिघाड तसाच राहिला असता आणि त्यावर चुकीच्या सेटिंगचे तीन थर चढले असते. मग गाडी उजवीकडे एक वागते, डावीकडे दुसरं, आणि कारण कुणालाच सापडत नाही. म्हणून हा लेख बिघाडापासून सुरू करून सेटिंगकडे जातो. या गाडीत तरी तोच क्रम चालतो.

गाडीची ओळख थोडक्यात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्रँडनसारख्या ठिकाणी मातीच्या आखूड, बंद ट्रॅकवर खरे पिकअप ट्रक पळवतात. उड्या, वळणं, एकमेकांना धक्के, सगळं त्यात आलं. त्या ट्रकची दहापट लहान आवृत्ती म्हणजे आपला शॉर्ट कोर्स ट्रक. २००८ मध्ये ट्रॅक्सास कंपनीची स्लॅश ही गाडी आली आणि हा प्रकार घरोघरी पोचला. ती फक्त मागच्या चाकांवर चालायची. चारही चाकांना ताकद देणारे ट्रक नंतर आले. अडीच-तीन किलोची गाडी, चाकं झाकणारी रुंद बॉडी, आणि पोटात तीन डिफरन्शियल. काही मॉडेलमध्ये मधल्या डिफच्या जागी स्लिपर क्लच, म्हणजे झटका बसला की घसरणारा क्लच, असतो, पण रेसला बहुतेक जण मधला डिफच बसवतात. गाडीचा अर्धा स्वभाव या तिघांत असल्यामुळे तिथेच जास्त वेळ देऊ.

बैलबंडी वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. बंडीची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात, म्हणून तिथे काही अडत नाही. ट्रॅक्टरमध्ये मात्र इंजिन दोन्ही मागच्या चाकांना फिरवतं. दोन्ही एकाच आसाला घट्ट जोडली तर वळताना एक चाक घासत जाईल. डिफरन्शियल दोन्हींना ताकद देतो आणि तरी वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. त्याचा दोष आपण सगळ्यांनी पावसाळ्यात बघितला आहे. एक चाक चिखलात रुतलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं चाक उभं राहतं. अशा वेळी ड्रायव्हर डिफ लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एक होतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पेडल दाबून ठेवूनच वळायला गेलात तर ट्रॅक्टर वळायला तयार होत नाही.

आपल्या ट्रकमध्ये ते पेडल नाही. त्याचं काम डिफच्या डबीत भरलेलं जाड सिलिकॉन तेल करतं. दोन चाकांच्या गतीत थोडा फरक असेल तर तेल वाट देतं. एक चाक वेड्यासारखं फिरायला लागलं की तेल अडवतं. तेल जितकं जाड तितका लॉक कडक, जितकं पातळ तितका डिफ मोकळा. अर्धवट दाबलेलं पेडल समजा, आणि किती दाबायचं ते बाटलीवरचा आकडा ठरवतो.

हा आकडा सेंटिस्टोकमध्ये असतो. पाण्याचा आकडा साधारण १. आपल्या डिफमध्ये ३०००, ५०००, ७०००, १०,००० असली तेलं चालतात. सुरुवात करायला पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३००० ही जोडी बऱ्याच गाड्यांना मानवते. डिफचं तेल संपलं म्हणून ट्रॅक्टरचं ९० नंबरचं गिअर ऑइल भरणारे मी पाहिले आहेत. हातावर ते जाड वाटतं खरं, पण ४० अंशांवर त्याचा आकडा दोनशेच्या आसपास असतो. पाच हजारांच्या जागी दोनशे भरलं तर डिफ जवळजवळ कोरडाच राहिला. शिवाय खनिज तेलाने काही रबर रिंगा फुगतात आणि डबी गळायला लागते. कुरिअर तालुक्याच्या गावी यायला आठवडा लागला तरी चालेल, थांबा.

आता हाताने तपासणी. गाडी स्टँडवर ठेवा, बॅटरी काढलेली. दुसऱ्याला मागची दोन्ही चाकं आणि मोठं दातेरी चाक, म्हणजे स्पर, धरायला सांगा. पुढचं एक चाक फिरवा, दुसरं उलट्या दिशेने फिरलं पाहिजे, आणि फिरवताना मधात चमचा फिरवल्यासारखा एकसारखा जोर लागला पाहिजे. काहीच जोर लागला नाही तर तेल गळून गेलंय. टोचत टोचत फिरलं तर आत दात तुटलाय किंवा माती शिरली आहे. मागचा डिफ असाच बघायचा, पुढची चाकं धरून. मधल्यासाठी फक्त स्पर धरा आणि पुढची दोन्ही चाकं एकदम पुढे फिरवा. मागची उलटी फिरली पाहिजेत, जोर अर्थातच जास्त लागेल. दर रविवारी ही तपासणी करत गेलात तर तिन्ही डिफचा जोर हाताला पाठ होतो आणि तेल कमी होऊ लागल्याचं डबी उघडण्याआधीच कळतं.

मधला डिफ गळल्याची खूण लांबूनही दिसते. सुटताना पूर्ण गॅस दिला की मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि ताकद तिकडेच पळते. पुढचे टायर फुग्यासारखे फुगतात, आवाज मोठा येतो, गाडी मात्र जागची नीट उठत नाही. हे पाहून ‘मोटर कमजोर आहे’ म्हणत नवीन मोटर मागवली जाते. तेल भरून बघा आधी.

तेल भरताना आतले छोटे गिअर आणि आडवी पिन झाकली जाईल एवढंच भरायचं. काठोकाठ भरलं तर गरम होऊन फुगतं आणि रिंगांतून बाहेर येतं. बुडबुडे वर यायला अर्धा तास द्या. तिन्ही डबींचं भरल्यावरचं वजन सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर मोजून लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी तेवढंच भरता येतं.

आता सेटिंग. मधलं तेल जाड केलं की गाडी झटक्यात सुटते, उडीच्या आधी आखूड जागेत वेग घेते, पण भुसभुशीत वळणावर गॅस देताना चारही चाकं एकदम सुटू शकतात. पातळ केलं की गॅसला मऊ होते, खाचखळग्यांत सांभाळायला सोपी जाते, पुढची चाकं मात्र जास्त फिरतात. पुढचं तेल पातळ केलं की गॅस सोडून वळणात शिरताना गाडी तोंड लवकर वळवते. जाड केलं की शिरताना शांत राहते आणि वळणातून बाहेर पडताना गॅसवर ओढून नेते. मागचं पातळ तेल वळणात मागच्या चाकांना पकड देतं, जाड तेल सरळ ढकलतं पण निसटत्या जमिनीवर शेपूट बाहेर काढतं. एका वेळी एकच डबी बदला. मुरमाच्या ट्रॅकवर नवशिक्याच्या हातात गाडी असेल तर मी मधलं तेल जाडीकडे नेत नाही. त्याला झटक्यापेक्षा सरळ रेषेची गरज जास्त असते.

दुसरा मोठा विषय उष्णता. इथे विदर्भ आपला वेगळा हिशेब लावतो. मोटर तिच्या कामामुळे भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त तापते. समजा दहा मिनिटांच्या धावण्यात ती हवेपेक्षा ४५ अंश वर जाते. डिसेंबरच्या दुपारी २८ अंशांत ती ७३ वर थांबते. तीच गाडी, तोच गिअर, मे महिन्यात ४४ अंशांत ८९ वर जाते. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर ७५-८० च्या वर जाऊ देऊ नये असं मी मानतो, कारण फार तापलं की आतल्या चुंबकांची ताकद कमी होते आणि ती परत येत नाही. म्हणजे हिवाळ्यात अगदी बरोबर असलेला गिअर उन्हाळ्यात मोटर खातो. थंड प्रदेशातल्या लोकांनी सांगितलेलं गिअरिंग आपल्याकडे जसंच्या तसं उचलू नये, ते याचसाठी.

गिअरचं गणित अवघड नाही. स्परचे दात ४४, मोटरवरच्या पिनियनचे १६, भागाकार २.७५. आतल्या डिफच्या दातांचं प्रमाण ४ धरू. गुणाकार ११. मोटर ११ फेरे मारते तेव्हा चाक एक फेरा मारतं. मोटर ४००० केव्हीची असेल, म्हणजे दर व्होल्टला ४००० फेरे, आणि बॅटरी ७.४ व्होल्टची, तर मिनिटाला २९,६०० फेरे. अकराने भागून चाकाचे २६९० होतात. टायरचा व्यास ११० मिलिमीटर धरला तर ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. कागदावर एवढं, ट्रॅकवर याहून कमी. आता पिनियन १५ दातांची लावा. तोच हिशेब ५२ किलोमीटरवर येतो. तीन किलोमीटर गेले, पण मोटरवरचा भार हलका झाला, आणि आमच्या ट्रॅकवरच्या सगळ्यात लांब पट्ट्यावरही गाडी तो पूर्ण वेग गाठत नाही. होळीनंतर मी न चुकता एक दात कमी करतो, कधी दोन.

दात कमी करूनही मोटर तापत असेल तर परत बिघाडाकडे या. पिनियन आणि स्पर एकमेकांत फार घट्ट बसलेत का बघा. वर्तमानपत्राची पट्टी दोघांच्या मधे घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. तेवढी फट पुरते. मोटर बाजूला करून गाडी हाताने ढकलली तर ती सहज घरंगळली पाहिजे. कुठे अडली तर एखादा शाफ्ट वाकलेला किंवा बेअरिंग गेलेलं आहे. रिमोट सोडलं तरी लागून राहणारा ब्रेक चुकून वाढलेला असतो, तोही बघा.

शॉककडे, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे वळू. सिलिकॉन तेल उष्णतेत इतर तेलांपेक्षा बरंच स्थिर असतं, तरी पातळ होतंच. २५ अंशांवर ज्याचा आकडा १००० आहे ते ६० अंशांच्या आसपास जवळपास निम्म्यावर येतं. सकाळी सातला गाडी उडीवरून अलगद बसते आणि अकरा वाजता तीच गाडी पोट आपटायला लागते, ती याने. उन्हाळ्यात शॉकचं तेल एक पायरी जाड घ्या. ३५ चं चालत असेल तर ४० (हे आकडे ‘वेट’ या वेगळ्या मापातले, सेंटिस्टोकमधले नाहीत). स्प्रिंग तेवढ्यासाठी बदलू नका. स्प्रिंग गाडीला उचलून धरते आणि तेल तिच्या हालचालीचा वेग रोखतं, ही दोन वेगळी कामं आहेत.

तपासायला गाडी बॅटरीसकट गुडघ्याखालून, साधारण फूटभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडा. एकदाच दबून ती आपल्या उंचीवर येऊन थांबली पाहिजे. पोट जोरात आपटलं तर तेल पातळ आहे. पुन्हा वर उसळून डोलली तरी तेल पातळ आहे किंवा स्प्रिंग कडक. एक कोपरा उशिरा उठत असेल तर त्या शॉकमध्ये हवा आहे किंवा त्याचा दांडा वाकलाय. दोन्ही पुढचे शॉक काढून शेजारी धरा, लांबी मिलिमीटरपर्यंत सारखी हवी, आणि दाबल्यावर दोघं सारख्या वेगाने परत आले पाहिजेत. मी स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर गाडी ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नाकाच्या मधोमध उचलतो. पुढची दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटली तर चेसिस सरळ आहे. एक आधी सुटलं तर कुठे तरी पीळ आहे, आणि पीळ असलेल्या गाडीला कुठलीच सेटिंग लागू होत नाही.

चाकांचे कोन फार वेळ खात नाहीत. वरून चाकं एक-दीड अंश आत झुकलेली, मागची चाकं गाडीच्या नाकाकडे अडीच-तीन अंश वळलेली, पुढची सरळ किंवा किंचित बाहेर. एवढ्यावर सुरुवात करा आणि बराच काळ हात लावू नका. जमिनीपासूनची उंची मात्र मोजा. खडबडीत मुरमावर २८ ते ३० मिलिमीटर चालते. पाणी मारून जमीन घट्ट झाली, पकड वाढली आणि गाडी वळणात पलटी खायला लागली तर दोन-तीन मिलिमीटर खाली आणा.

उडीत गाडी हवेत नाक वर करते, याचं कारण पुष्कळदा बॉडी असते. रुंद बॉडीखाली हवा भरते, पॅराशूटसारखी. मागच्या बाजूला आणि चाकांच्या मागे बॉडीला व्यवस्थित छिद्रं पाडली की हवा निघून जाते. उरलेलं काम बोटाचं. हवेत क्षणभर ब्रेक दाबला की नाक खाली येतं, गॅस दिला की वर जातं, कारण फिरत्या चाकांचा जोर उलट्या दिशेने चेसिसवर येतो.

वीज आणि वायर. गाडी धक्के खात सुटते, थरथरते, अशी तक्रार आली की आधी मोटरच्या तीन जाड वायरींचे सांधे आणि सेन्सरची बारीक वायर बघा. धुळीने सॉकेट भरतं. गाडी मधेच क्षणभर मरते आणि पुन्हा चालू होते, विशेषतः स्टिअरिंग जोरात फिरवताना, तर सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर, जास्त करंट ओढून रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसिव्हरला उपाशी ठेवतोय. बहुतेक वेळा स्टिअरिंग टोकाला जाऊन अडलेलं असतं आणि रिमोट त्याला आणखी ढकलत असतो. रिमोटमधला एंडपॉइंट, म्हणजे स्टिअरिंग कुठवर फिरवायचं ती हद्द, कमी केला की थांबतं.

लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर घरात कापूस असतो, खोलीभर, कधी छतापर्यंत. त्या खोलीत, किंवा तिच्या शेजारच्या खोलीतही, लायपो चार्ज करू नका. ही बॅटरी पेटली तर पाण्याच्या बादलीने विझत नाही. अंगणात, फरशीवर किंवा मोकळ्या मातीवर, डोळ्यांसमोर चार्ज करा. चार्जरवर सेलची संख्या बरोबर निवडा आणि ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअरच ठेवा, तासाभरात होते. लाइट गेलेली असेल तर बरेच चार्जर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये, धावताना ३.३ च्या खाली उतरू नये. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरू नका, आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये तर कुठलीच बॅटरी ठेवू नका.

शेवटी जमीन. काळी माती ओली झाली की चिकटते, टायरच्या बुट्ट्या, म्हणजे वरचे रबरी उंचवटे, मातीने भरतात आणि चाकं गुळगुळीत गोळे होतात. त्या दिवशी गाडी काढायचीच नाही. कोरडी झाली की तिचं पीठ होतं आणि प्रत्येक फटीत शिरतं. मुरूम मधला. सकाळी पाणी मारलेल्या ओलसर मुरमावर बारीक, आखूड बुट्ट्यांचा टायर पकडतो. दहानंतर वरचा थर सुटा झाला की उंच, विरळ बुट्ट्या लागतात. म्हणून सेटिंग वहीत लिहिताना मी तारखेसोबत वेळ आणि जमिनीची अवस्था लिहितो. ‘मध्ये ७०००, मस्त’ एवढंच लिहिलेलं पान मला कधीच कामाला आलं नाही. ‘सकाळी ७.३०, ओलसर, मध्ये ७०००, मस्त’ हे आलं.

धावून झाल्यावर मऊ ब्रशने धूळ झाडा. पंक्चरवाल्याची हवा मारणार असाल तर लांबून आणि बेअरिंगच्या तोंडावर नको, ती धूळ आतच ढकलते. स्प्रेचं पातळ तेल बेअरिंगमध्ये मारलं तर आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि चार दिवसांत करकर सुरू होते. आपल्या धुळीला रबर सील असलेली बेअरिंग लोखंडी झाकणवाल्यांपेक्षा जास्त टिकतात.

मृग लागला की ट्रॅक आपोआप बंद होतो आणि हात पेरणीत अडकतात. गाडी ठेवण्याआधी बॅटरीचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणा, तिला घरातल्या थंड कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात ठेवा, डब्याचं झाकण घट्ट लावू नका. तेल तसंच राहू दे. चेसिसखाली विटेचा तुकडा सरकवा म्हणजे टायर अधांतरी राहतील आणि स्प्रिंगांवर तीन महिने भार पडणार नाही.